घोड नदीच्या अलीकडचे नगरकर

नगरमध्ये राहणाऱ्या माणसाला नगरकर मंडळाची गरज कधी पडत नाही. तिथं तो सावेडीचा असतो, माळीवाड्याचा असतो, केडगावचा असतो, नाहीतर ‘पाइपलाइन रोडला बंगला बांधला ना, ते’ असतो. नगरकर व्हायचं तर त्याला पुण्यात फ्लॅट घ्यावा लागतो. तो फ्लॅटही बहुतेक वेळा वाघोली, खराडी किंवा वडगाव शेरीला घेतला जातो, म्हणजे नगर रोड सुटता कामा नये. कोथरूडला स्वस्तात मिळत होता तरी घेतला नाही, असं अभिमानानं सांगणारे एक काका आमच्या मंडळात आहेत. कारण विचारलं तर म्हणतात, “रात्री-अपरात्री गावाकडं निघायची वेळ आली तर सगळं पुणं कोण पार करत बसणार?” गेल्या कित्येक वर्षांत ते रात्री-अपरात्री गावाकडं निघाल्याचं ऐकिवात नाही. पण सोय असलेली बरी.

आमचं मंडळ तसं साधंच आहे. संक्रांतीला तिळगूळ, कोजागिरीला मसाला दूध, दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव आणि हिवाळ्यात एक सहल. जमायचं कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये. नवा माणूस दारात आला की त्याला नाव नंतर विचारतात. आधी गाव, मग तालुका, मग आडनाव, आणि पाचव्या मिनिटाला त्याच्या चुलत मेव्हण्याची मुलगी आपल्या मावसभावजयीच्या माहेरी दिलेली निघते. नातं निघालं नाही तर दोघंही जरा नाराज होतात आणि चहा घेऊन पुन्हा शोधायला बसतात.

पुणेकरांना वाटतं, नगर म्हणजे एक गाव आहे. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि चौदा तालुक्यांचा. अकोले तालुक्यात सह्याद्रीचा पाऊस कोसळतो, तिथं भात होतो आणि राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचं कळसूबाई, उभं आहे. तिकडं जामखेड-कर्जतला पावसाळ्यातही माणूस आभाळाकडं बघून घड्याळाकडं बघतो. जामखेडहून एसटीनं अकोल्याला जायचं तर सगळा दिवस मोडतो. मधल्या पट्ट्यात प्रवरेचे कालवे, ऊस आणि साखर कारखाने. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला, तिथून त्या भागाचा दिमाख सुरू होतो. म्हणून जिल्ह्यात ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ असे दोन शब्द आहेत, आणि ते दिशा दाखवायला फारच क्वचित वापरले जातात. जिल्ह्याचं विभाजन करावं ही मागणी जुनी आहे, आणि केलं तर नवं मुख्यालय संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी हे भांडण तितकंच जुनं. सरकारला हा प्रश्न सुटलेला नाही. आमच्या मंडळात मात्र तो दर नोव्हेंबरला सहलीच्या बैठकीत हमखास निघतो.

गावी असताना अकोल्याचा माणूस आणि जामखेडचा माणूस एकमेकांना आयुष्यात भेटले नसते. भेटण्याचं काही कारणच नव्हतं. खराडीत ते एकाच सतरंजीवर बसून भांडतात, आणि हे मंडळाचं मोठंच काम म्हणायला हवं.

“भंडारदऱ्याला जाऊ. धरण आहे, रंधा धबधबा आहे, हवा आहे,” अकोल्याचे अण्णा सुरुवात करतात.

“डिसेंबरात धबधब्याला पाणी असतं का?” दक्षिणेकडून प्रश्न.

“तुमच्याकडं ऑगस्टमध्ये तरी असतं का?”

इथं मंडळाच्या अध्यक्षीणबाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, चहा मागवतात. चहा झाल्यावर शिर्डीचं नाव निघतं आणि ‘दर्शनाला वेळ किती जाईल सांगता येत नाही’ म्हणून मागं पडतं. शिंगणापूर निघतं. ते निघालं की दारं नसलेल्या घरांचा विषय येतो, आणि पुण्यातल्या फ्लॅटला दोन दारं, वर एक जाळीचं, शिवाय खाली रखवालदार असूनही कुरिअर कसं चोरीला गेलं याची हकिगत येते. हकिगत संपेपर्यंत दुपार होते. शेवटी कोणीतरी ‘हुरडा’ हा शब्द उच्चारतो आणि उत्तर-दक्षिण दोन्ही गप्प होतात. ज्वारी पिकते दक्षिणेत, पण भूक सगळ्या जिल्ह्याला सारखीच. उत्तरेची समजूत घालण्यासाठी पुढची सहल तिकडं काढायचं कबूल करावं लागतं, आणि वहिनी ते वहीत लिहून घेतात, कारण तोंडी कबुलीवर अण्णांचा विश्वास नाही.

मध्यंतरी एक नाजूक प्रसंग आला होता. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आमच्या जामखेड तालुक्यातलंच, त्यामुळं दक्षिणेला आनंद झाला. पण मंडळाच्या कापडी फलकावर काय लिहायचं? चर्चा तापायला लागली तेव्हा खजिनदारांनी नवा फलक रंगवायचा खर्च सांगितला. जुन्याच फलकावरची पहिली अक्षरं पांढऱ्या रंगानं झाकून नुसतं ‘नगर’ ठेवावं, असं सर्वानुमते ठरलं. बोलताना तरी दुसरं कोण काय म्हणत होतं?

सहलीची बस सकाळी सहाला निघणार असते, म्हणजे सव्वासातला निघते. बसमध्ये भेंड्या होतात, पण खरा कार्यक्रम असतो तो पुण्याला कमी लेखण्याचा. पुण्यात पगार घ्यायचा, पुण्यात पोरं शिकवायची आणि बसमध्ये बसलं की पुण्याचा हिशोब काढायचा, ही आमची रीत आहे. पुण्यात 1848 साली मुलींची शाळा निघाली, ती कुणाला बघून? नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि मग पुण्यात काढली. ज्ञानेश्वरी कुठं सांगितली गेली? नेवाशाला. माउली ज्या खांबाला टेकून बसले असं सांगतात तो पैस खांब आजही तिथं आहे. “आळंदीला त्यांनी समाधी घेतली, काम सगळं आमच्याकडं केलं,” असं नेवाशाचे एक गुरुजी दरवर्षी म्हणतात, आणि दरवर्षी त्यांना टाळ्या पडतात. बसचा ड्रायव्हर हडपसरचा असतो. तो निमूट ऐकतो.

शिरूर मागं पडलं की घोड नदीचा पूल लागतो. पलीकडं नगर जिल्हा. पुलावर बस आली की ‘आलं, आलं’ असा गलका होतो आणि खिडक्या उघडतात. बाहेरची हवा दोन मिनिटांपूर्वी होती तीच असते. तरी जामखेडच्या मावशी एक लांब श्वास घेऊन म्हणतात, “बघा, लगेच फरक पडला.” अलीकडच्या काठावर आणि पलीकडच्या काठावर त्याच कंपन्यांची शेडं, तीच हॉटेलं, तेच ‘प्लॉट विकणे आहे’. फरक आम्हालाच दिसतो, आणि तो दिसण्यासाठीच तर माणशी वर्गणी भरलेली असते.

हुरड्याचा बेत पारनेर तालुक्यात, एका सभासदाच्या भावाच्या शेतावर असतो. आता हुरडा पार्टीचे धंदेवाईक मळे रस्त्यावर जागोजाग झाले आहेत. तिथं बैलगाडीची फेरी, उंटाची फेरी आणि प्लास्टिकच्या फुलांची कमान असते. आमचा तसला थाट नाही. शेताच्या बांधाजवळ जमिनीत एक खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून त्यांचा निखारा केलेला. ही आगटी. त्यात कणसं देठाकडून धरून खुपसायची आणि फिरवत राहायची. दाणा कोवळा, दुधाळ, पण दाबला तर फुटू नये इतपत भरलेला हवा. दोन दिवस आधी तोडला तर पाणी आणि चार दिवस उशीर झाला तर ज्वारी. गुळभेंडी जातीचा असला तर विचारूच नका. कणीस भाजलं की ते तसंच गरम तळहातांत घेऊन चोळायचं. इथं पुण्याचे हात उघडे पडतात. की-बोर्डावर वाढलेली आमची पिढी ‘आई गं’ करत कणीस टाकून देते, आणि शेतावरच्या आजी, ज्यांच्या तळहाताला निखाऱ्याचंही काही वाटत नाही, हसत हसत ते उचलून दोन रगड्यांत दाणे मोकळे करतात, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि पोत्यावर हिरवागार ढीग लावतात. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि वर मडक्यातलं दही. पहिली पंधरा मिनिटं कोणी बोलत नाही. ज्या माणसांनी बैठकीत अडीच तास बोलणं थांबवलं नव्हतं, तीच ही माणसं.

पोट भरल्यावर मग शेतीवर बोलणं सुरू होतं. ज्यांनी वडिलोपार्जित चार एकर भावाच्या वाट्याला सोडून आयटीत नोकरी धरली, ते त्याच भावाला ठिबक कसं करावं हे सांगतात. भाऊ ऐकून घेतो. त्याला माहीत असतं की पाहुणे संध्याकाळी जाणार आहेत. हुरडा खाणाऱ्याला ज्वारी काय भावानं गेली हे विचारायचं नाही, एवढी समज मात्र बहुतेकांना असते. एखाद्याला नसते, आणि त्याला आजी अजून एक कणीस देऊन गप्प करतात.

दुपारी किल्ला. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आपल्याच गावचा भुईकोट किल्ला आतून पाहिलेला नव्हता. गावात राहणाऱ्याला किल्ला बघायचा नसतो, तो बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायचा असतो, आणि पाहुणे यायच्या आत नोकरी पुण्याला लागते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. दारावर ओळखपत्र दाखवावं लागतं. आधार कार्डावर पुण्याचा पत्ता असलेले आम्ही सगळे ‘आम्ही इथलेच’ असं त्या जवानाला सांगत राहतो. तो बिचारा कुठला कुठला. त्याला काय त्याचं?

आत गेलं की कळतं, बाहेरून येऊन नगरमध्ये मुक्काम ठोकणाऱ्यांची परंपरा आमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. आम्ही नगर सोडून मंडळ काढलं, इथं सरकारनं बाहेरच्यांची मंडळं आणून बसवली. 1942 च्या ऑगस्टात काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण इथं कोंडले. नेहरूंनी याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, बागकामही केलं. मौलाना आझादांनी इथून मित्राला पत्रं लिहिली, जी तेव्हा पाठवताच आली नाहीत आणि पुढं ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली. त्यांत राजकारण शोधायला गेलात तर फार सापडत नाही. चहा सापडतो, खोलीत घुसणाऱ्या चिमण्या सापडतात. मौलानांना दुधाचा चहा म्हणजे चहाचा अपमान वाटे. आमच्या वहिनींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, “बरं झालं, ते आपल्या मंडळात नव्हते.” जवळपास तीन वर्षं बारा माणसं एका आवारात. सहलीची जागा कोणती यावर वाद नाही, एवढीच काय ती सोय.

त्यांच्या आधी जर्मन होते. पहिल्या महायुद्धात भारतातले जर्मन पकडून नगरच्या छावणीत ठेवले होते, दुसऱ्यातही तेच. पुढं तिबेटवरच्या पुस्तकानं गाजलेला हाइनरिख हारर हा गिर्यारोहक 1939 साली पकडला गेल्यावर आधी नगरच्याच कैदी छावणीत होता. नंगा पर्वत बघायला आलेल्या माणसाला नगरचं पठार दाखवलं. पळून जावंसं वाटलं तर नवल नाही. आणि लष्करी छावणीतल्या एका आयरिश सैनिकाच्या घरी 16 एप्रिल 1918 रोजी नगरमध्येच एक मुलगा जन्मला, तो स्पाइक मिलिगन. इंग्रजी रेडिओवर ‘गून शो’ लिहून त्यानं साऱ्या विलायतेला वेड्यासारखं हसवलं. नगरला जन्मून बाहेर नाव काढलेला हा माणूस आमच्या व्याख्येत अगदी बसतो. त्याला मंडळाचं मरणोत्तर आजीव सभासदत्व द्यावं असा ठराव मी मांडला होता. त्याचा तालुका कुठला, या मुद्द्यावर तो अडला.

खरे परदेशी नगरकर बघायचे तर दौंड रस्त्याला अरणगावला जावं. मेहेरबाबांचे भक्त अमेरिकेतून, युरोपातून, ऑस्ट्रेलियातून येऊन तिथं राहिले, काही तर इथलेच होऊन गेले. बाबांनी 10 जुलै 1925 पासून मौन धरलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. त्यामुळं 31 जानेवारीला मेहेराबादला हजारो माणसं जमतात आणि दुपारी बाराला पंधरा मिनिटं सगळी गप्प बसतात. आमच्या मंडळाला तिथं नेण्याचा विचार वहिनींनी एकदा बोलून दाखवला होता. हजारो माणसं पंधरा मिनिटं गप्प बसतात हे ऐकून खजिनदार म्हणाले, “आपले चाळीस बसतील का?” विषय तिथंच संपला. अरणगावच्या बाजारात मात्र एक गोऱ्या आजी मेथीची जुडी उलटीपालटी करून “कालची दिसते” म्हणताना मी ऐकल्या आहेत. मंडळात आमची पुण्यात वाढलेली मुलं ‘मेथी’ आणि ‘शेपू’ यांत फरक करू शकत नाहीत. नगरकर म्हणायचं कोणाला, याचा निकाल त्या जुडीवर लावायला माझी हरकत नाही.

उन्हं कलली की चांदबिबीचा महाल. पाथर्डी रस्त्याला शहा डोंगरावर तो अष्टकोनी, तीन मजली, नगरच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतो. तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. निजामशाहीतला वजीर सलाबतखान, त्याची ती कबर. मोगलांशी किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचं नाव लोकांनी आपल्या मनानं दिलं आणि ते राहिलं. सलाबतखानानं स्वतःसाठी एवढी हवेशीर जागा बांधली आणि नाव लागलं दुसरीचं. सासुरवाशिणींना यात काही वेगळं वाटत नाही, असं मावशींचं मत पडलं. वर कट्ट्यावर वाऱ्यात बसून सगळं नगर खाली पसरलेलं दिसतं. आणि मग सुरू होतं बोटानं दाखवणं. “तो दिल्ली दरवाजा, तो चितळे रोड, तिथं आमची शाळा.” “तुमची नव्हे, आमची. तुमची त्या टाकीच्या मागं.” आमच्या तरुण जावयांपैकी एकानं नकाशा फोनवर काढून दाखवला, दोघांच्याही शाळा तिसरीकडंच निघाल्या. त्याला नंतर कोणी फोन काढू दिला नाही.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडची मंडळं मोठी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, शिकागोचं 1969 चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या मंडळांचं मिळून 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. त्याच्या अधिवेशनाला हजारो माणसं विमानानं येतात. तिथं संक्रांत जवळच्या शनिवारी येते, गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो आणि मोदकांच्या डब्यावर ‘यात काजू आहेत’ अशी चिठ्ठी लावतात. मी भाच्याला आमच्या सहलीचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, “मामा, पुण्याहून नगर दोन-अडीच तासांवर आहे. तुम्ही मंडळ कशाला काढलंत? जाऊन या ना.” बरोबरच आहे त्याचं. एसटी अर्ध्या तासाला आहे. पण एसटीनं गेलं की भावाच्या घरी उतरावं लागतं, तिथं जमिनीच्या सातबाऱ्याचं निघतं, आजारपणं निघतात, कोणाला किती दिवसांनी आठवण झाली ते निघतं. मंडळाच्या बसनं गेलं की नगर नुसतं बघायला मिळतं. लांबच्या नातेवाइकासारखं, हसून, फराळ करून. ही सोय न्यू जर्सीला आपोआप मिळते. आम्हाला ती वर्गणी काढून करून घ्यावी लागते.

परतीच्या बसमध्ये अर्धी मंडळी झोपलेली आणि अर्धी हिशोबात. डोंगरावर राहिलेली एक कानटोपी, दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक सभासद यांची चौकशी होते. सभासद पुढच्या सीटवर सापडतात. मग अण्णा वहीची आठवण करून देतात. कबूल केल्याप्रमाणं यंदाची दुसरी सहल उत्तरेत, भंडारदऱ्याला, मे अखेरीस, काजवे बघायला. पावसाच्या तोंडावर हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर लाखोंनी काजवे लागतात आणि सगळं झाड एका तालात उजळतं-विझतं. दक्षिणेनं मन मोठं करून होकार दिला. फक्त काजव्यांना उजेड चालत नाही, टॉर्च बंद, मोबाइल बंद, मोठ्यानं बोलणं बंद, असं अण्णांनी सांगितलं तेव्हा बस जरा विचारात पडली.

“मग जेवायचं कसं?” मागून खजिनदारांनी विचारलं.

“दिवसाउजेडी. पाचला.”

“पाचला जेवून रात्री दहाला परत भूक लागणार. त्याचं काय?”

अण्णांनी आमटी-भात सुचवला. अंधारात आमटी सांडते, असं मावशींचं म्हणणं पडलं. लाडू करून न्यावेत, ते हाताला कळतात, यावर सुपे ओलांडेपर्यंत एकमत झालं होतं. बेसनाचे की रव्याचे, ते शिरूरपर्यंत ठरलं नव्हतं.